गुणायचं की भागायचं? शिकलेलं गणित धड्याबाहेर नेण्याची रीत

कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणाऱ्या १,४३६ मुलांच्या हिशेबाचा एक अभ्यास २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की ही त्यातली ओळखीची नावं. गिऱ्हाईक बनून गेलेल्या माणसांनी मुद्दाम अडनिडी वजनं मागितली: हे आठशे ग्रॅम द्या, ते एक किलो चारशे द्या. जवळजवळ सगळ्या मुलांनी कागद-पेन न घेता हिशेब बरोबर सांगितला. मग याच मुलांना तितकीच किंवा त्याहून सोपी गणितं शाळेच्या पद्धतीने, नुसते आकडे मांडून दिली, तर ती अडली. आसपासच्या शाळांतली, धंद्याचा अनुभव नसलेली ४७१ मुलंही तपासली. ती कागदावरच्या सोप्या गणितांत सरस होती, पण विकणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांनी सोडवलेलं बाजारातलं एक उदाहरण त्यांच्यातल्या फक्त १ टक्का मुलांना जमलं.

ही गोष्ट पहिल्यांदाच दिसली असंही नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात तेरेझिन्या काराहेर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये रस्त्यावर विकणाऱ्या पाच मुलांचं असंच निरीक्षण केलं होतं. विक्री करताना विचारलेल्या प्रश्नांपैकी ९८ टक्के बरोबर आले, तेच आकडे शाब्दिक उदाहरणांत घातल्यावर ७४ टक्के, आणि नुसती आकडेमोड म्हणून दिल्यावर ३७ टक्के. पस्तीसला एक नारळ, तर दहा नारळांचे किती, यावर एका बारा वर्षांच्या मुलाने केलेला हिशेब असा: तिनाचे १०५, आणखी तिनाचे घेतले की २१०, आता चार राहिले, म्हणजे ३१५ आणि मग ३५०. दहाने गुणायला पुढे शून्य द्यायचं, ही शाळेतली युक्ती त्याने वापरलीच नाही.

डी.एड.च्या पुस्तकांत याला अध्ययन संक्रमण म्हणतात आणि परीक्षेत त्यावर टीप लिहायला येते. घरात आणि वर्गात मात्र आपण गृहीत धरतो की मूल एकदा शिकलं की लागेल तिथे वापरेल. ते तसं वापरत नाही. एखादी गोष्ट येणं हे एक काम आणि ती नव्या जागी ओळखून लावणं हे वेगळं काम. दुसऱ्या कामाचा सराव आपण करून घेत नाही, म्हणून धडा संपल्यावर आठवड्याभरात वहीतून प्रश्न येतो, “बाई, इथे गुणायचं की भागायचं?” हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गुणाकारही येतो आणि भागाकारही. समोर काय आहे ते त्याला ओळखता येत नाही.

खालची रीत पाचवी ते आठवीच्या मुलांचे पालक आणि शिक्षक यांच्यासाठी आहे. स्पर्धा परीक्षेसाठी गणित नव्याने उघडणाऱ्या मोठ्यांनाही ती चालेल. ‘कसं शिकावं’ यावर मोघम सल्ले देण्यापेक्षा मी एकच संकल्पना धरतो: समप्रमाण, म्हणजे आपलं जुनं त्रैराशिक. शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज, नकाशाचं प्रमाण, घनता, वेग अशा किती तरी ठिकाणी तीच वेष पालटून येते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) म्हटलं आहे की विष्णूने जसं हे विश्व व्यापलं आहे तसं त्रैराशिकाने गणित व्यापलं आहे. एवढं व्यापलेलं असून मुलांना ते दर वेळी नवं वाटतं. रोज वीस मिनिटं धरली तर तीन-चार आठवड्यांचं काम आहे.

पहिली पायरी: आधी दोन्ही भाषांत तपासा

शिकवायला बसण्याआधी मुलाला काय येतं ते पाहा, पण एकाच रूपात पाहू नका. तीन-चार हिशेब तोंडी विचारा, आणि तेच हिशेब दोन दिवसांनी वहीतल्या रूपात द्या. मधे दोन दिवस जाऊ द्या, म्हणजे आधीचं उत्तर आठवून लिहिलं जाणार नाही.

तोंडी: पाव किलो भेंडी २० रुपये, तर पाऊण किलोचे किती?
वहीत: १/४ : २० = ३/४ : क, तर क = ?

तोंडी: डझनभर केळी ६० रुपयांना, आठच घेतली तर?
वहीत: १२ : ६० = ८ : क, तर क = ?

उत्तर बरोबर की चूक याच्याइतकंच उत्तर कसं काढलं तेही महत्त्वाचं, म्हणून “कसं केलंस?” एवढंच विचारून गप्प बसा. “पावाचे वीस, अर्ध्याचे चाळीस, पाऊणचे साठ” असं सांगणाऱ्या मुलाकडे प्रमाणाची समज आहे, फक्त ती वहीपर्यंत पोचलेली नाही. उलट, वहीत तिरकस गुणाकार करून ६० काढणारं मूल भेंडीच्या हिशेबाला “पावाचे म्हणजे पॉइंट किती?” असं विचारत असेल, तर त्याच्याकडे रीत आहे पण पाय ठेवायला जागा नाही. या दोघांना एकच शिकवणी लावून उपयोग नाही. पहिल्याला तोंडी हिशेब कागदावर मांडायला शिकवायचं, दुसऱ्याला सूत्र बाजूला ठेवून तोंडाने हिशेब करायला लावायचं.

घरात आजी-आजोबा असतील तर या पायरीला त्यांना बसवा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी हे पाढे म्हटलेली पिढी अजून आहे. ते पाढे पुन्हा पाठ करा असं मी म्हणत नाही. पण सव्वापट, दीडपट ही पटीची भाषा त्या माणसांच्या तोंडात आहे आणि समप्रमाणाला नेमकी तीच लागते.

दुसरी पायरी: सूत्राआधी झटापट

आता मुलासमोर एक प्रश्न ठेवा आणि दहा मिनिटं काही सांगू नका. एका पातेल्यात ४ ग्लास पाणी आणि ६ चमचे साखर. दुसऱ्यात ६ ग्लास पाणी आणि ८ चमचे साखर. कुठलं सरबत जास्त गोड?

बरीच मुलं “दोन्ही सारखी” म्हणतील, कारण दोन्हीकडे पाण्यापेक्षा साखरेचा आकडा दोनने जास्त आहे. हे उत्तर लगेच खोडू नका. १ ग्लास पाणी आणि ३ चमचे साखर घेतली तर तिथेही फरक दोनच, मग तेही तितकंच गोड लागेल का, असं विचारा. हवं तर करून प्या. वजाबाकीने गोडी मोजता येत नाही हे मुलाला जिभेने कळलं की पटीचा विचार करायची गरज त्याला स्वतःला पडते, आणि मग ‘एका ग्लासला किती चमचे’ हा प्रश्न तुम्हाला विचारावा लागत नाही. (पहिल्यात दीड, दुसऱ्यात एक पूर्णांक एक तृतीयांश.)

सिंगापूरच्या शाळांत मनू कपूर यांनी याच क्रमावर बरंच काम केलं: आधी अवघड प्रश्नाशी झटापट, मग शिकवणं. यातला ‘मग शिकवणं’ हा भाग विसरायचा नाही. मुलाला झगडू द्यायचं आणि तसंच सोडून द्यायचं, याला शिकवणं म्हणत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांनंतर बसून नीट समजावून सांगा.

तिसरी पायरी: दोन उदाहरणं शेजारी शेजारी

एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा.

मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० साली अमेरिकेत विद्यार्थ्यांना एक कोडं घातलं. पोटात गाठ आहे, शस्त्रक्रिया करता येत नाही. किरणांनी गाठ जाळता येते, पण तेवढ्या तीव्रतेचे किरण वाटेतल्या निरोगी पेशीही जाळतील. काय करायचं? उत्तर असं की कमी तीव्रतेचे अनेक किरण वेगवेगळ्या दिशांनी सोडायचे, म्हणजे ते गाठीवरच एकत्र येतील. नुसतं कोडं घातलं तर दहातल्या एखाद्यालाच हे सुचायचं. काहींना आधी एक गोष्ट वाचायला दिली. किल्ल्याकडे जाणाऱ्या सगळ्या वाटांवर सुरुंग पेरलेले आहेत, मोठं सैन्य गेलं तर ते उडतील, म्हणून सेनापती लहान तुकड्या करून वेगवेगळ्या वाटांनी पाठवतो आणि सगळे एकाच वेळी किल्ल्यावर पोचतात. ही गोष्ट नुकतीच वाचलेल्यांपैकीही साधारण दहातल्या तिघांनाच ती कोड्याला लावावीशी वाटली. “त्या गोष्टीचा उपयोग होतो का बघा” एवढं सांगितल्यावर मात्र चारातले तीन जण उत्तरापर्यंत गेले.

म्हणजे उत्तर डोक्यात होतं. किल्ला आणि गाठ वरून इतके वेगळे दिसतात की एकावरून दुसरं आठवलंच नाही. यावरचा उपाय त्याच दोघांनी १९८३ मध्ये दाखवला. एका गोष्टीऐवजी दोन गोष्टी दिल्या आणि त्यांत सारखं काय ते लिहायला सांगितलं, तेव्हा आपण होऊन उत्तर शोधणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.

आपल्याकडे ते असं करायचं. वहीच्या पानाचे दोन उभे भाग करा. डावीकडे लिहा: १२ केळी ६० रुपयांना, तर २० केळी कितीला? उजवीकडे: सर्व्हे ऑफ इंडियाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर, तर नकाशावरचे ७ सेंटिमीटर म्हणजे किती? दोन्ही सोडवून घ्या (१०० रुपये, साडेतीन किलोमीटर). खरं काम यानंतर सुरू होतं. मुलाला विचारा:

केळ्यांच्या जागी नकाशात काय आहे?
रुपयांच्या जागी काय आहे?
‘एका केळ्याचे पाच रुपये’ याच्या जागी इकडे काय येईल?

बाण काढून जोड्या लावू द्या. तिसऱ्या प्रश्नाला मुलं अडतात, अडू द्या. ‘एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर’ हे त्यांच्या तोंडून यायला हवं. शेवटी पानाच्या तळाशी एका वाक्यात लिहायला लावा, दोन्हीत सारखं काय. ते वाक्य तुम्ही सांगू नका. “एक जेवढ्या पट होतं तेवढ्या पट दुसरंही होतं” असं काही आलं तर उत्तमच. पण “दोन्हीत भागून मग गुणायचं” असं आलं तर मूल अजून रितीकडे बघतंय, परिस्थितीकडे नाही. मग उदाहरणांची आणखी एक जोडी घ्या आणि पुन्हा विचारा.

जोडी निवडताना दोन्ही उदाहरणं वरून शक्य तितकी लांबची घ्या. केळी आणि संत्री ही जोडी कुचकामी आहे. मुलाला सारखेपणा दिसेल, पण तो फळांचा. केळी आणि नकाशा, दूध आणि वेग, रंगाचा डबा आणि व्याज अशा जोड्या लावा.

चौथी पायरी: रीत का चालते ते सांगा, तिरकस गुणाकार शेवटी

चार्ल्स जड यांचा १९०८ सालचा प्रयोग जुना आहे, पण अजून कामाचा आहे. मुलांना पाण्याखालच्या लक्ष्यावर नेम मारायचा होता. एका गटाला आधी समजावलं की पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, म्हणून वस्तू असते त्याहून वेगळ्या जागी दिसते. दुसऱ्या गटाला नुसता सराव. लक्ष्य बारा इंच खोल होतं तोवर दोन्ही गट सारखेच ठरले. खोली चार इंचांवर आणली तेव्हा नुसता सराव केलेली मुलं जुन्याच अंदाजाने नेम धरत राहिली आणि कारण माहीत असलेली मुलं लवकर सावरली. परिस्थिती बदलेपर्यंत कारण माहीत असण्याचा काही फायदा दिसला नव्हता, हे त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं. घटक चाचणीत असंच होतं. ‘का’ शिकवण्यात गेलेला वेळ त्या चाचणीत दिसत नाही आणि मग पालकांना तो फुकट गेला असं वाटतं.

समप्रमाणाचं ‘का’ एकमान पद्धतीत आहे. एकाचं किती ते काढा, मग हवे तितके घ्या. त्याच्या जोडीला पटींचा तक्ता घ्या: १२ केळी ६०, ६ केळी ३०, २ केळी १०, २० केळी १००. या तक्त्यात रेसिफेच्या त्या नारळवाल्या मुलाचीच पद्धत आहे, फक्त ती कागदावर मांडलेली. दोन्ही हातात बसल्यावर तिरकस गुणाकार दाखवा आणि तो याच दोन गोष्टींची लघुलिपी आहे हे एकदा तरी उलगडून दाखवा. तो आधी दाखवला की मुलं तीन आकडे दिसले रे दिसले की त्यांना त्यात कोंबतात.

पाचवी पायरी: जिथे चालत नाही तिथे न्या

आपल्या पाठ्यपुस्तकांची आणि क्लासच्या नोट्सची सगळ्यात मोठी उणीव मला इथे वाटते. समप्रमाणाच्या धड्यात सगळी उदाहरणं समप्रमाणाचीच असतात. मग ‘हे समप्रमाण आहे का?’ हा प्रश्न मुलाला कधी पडतच नाही.

अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्रेमर, पोस्ट आणि करिअर यांनी प्राथमिक शिक्षक होऊ घातलेल्या ३३ जणांना असा प्रश्न दिला होता: दोन मुली मैदानाभोवती सारख्याच वेगाने धावत आहेत. पहिलीने आधी सुरुवात केली. तिच्या ९ फेऱ्या झाल्या तेव्हा दुसरीच्या ३ झाल्या होत्या. दुसरीच्या १५ होतील तेव्हा पहिलीच्या किती? तेहतिसांपैकी बत्तीस जणांनी प्रमाण मांडून ४५ काढलं. वेग सारखा आहे, त्यामुळे फरक सहाचाच राहणार आणि उत्तर २१ येणार. मोठ्या माणसांना समप्रमाण येत होतं, फार चांगलं येत होतं, म्हणूनच ती फसली. बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठात डी बॉक, व्हेरशाफेल आणि व्हॅन डूरेन यांनी या सवयीचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. जिथे तिथे समप्रमाण लावण्याची ओढ चांगल्या विद्यार्थ्यांतही असते.

मुलाला ही उदाहरणं द्या, आणि सोडवण्याआधी ‘समप्रमाण आहे की नाही, का?’ एवढंच विचारा.

दोरीवर ५ शर्ट वाळायला ३ तास लागतात. दोरीवर जागा आहे, १० शर्टांना किती वेळ?
आई ३० वर्षांची तेव्हा मुलगी ६ वर्षांची. मुलगी १२ वर्षांची होईल तेव्हा आई किती वर्षांची?
५ मीटर बाजूच्या चौरस वाफ्याला ५ किलो खत लागतं. बाजू १० मीटर केली तर?
६ मजुरांना एक काम ८ दिवस पुरतं. १२ मजुरांना?
मीटरच्या रिक्षाने ३ किलोमीटरला जे भाडं होतं, त्याच्या दुप्पट ६ किलोमीटरला होईल का?
वाटीभर डाळीला कुकरच्या तीन शिट्ट्या. दोन वाट्यांना सहा?

ओळखायला दोन प्रश्न पुरतात, आणि ते मुलाच्या अंगवळणी पडायला हवेत. एक, हे दुप्पट केलं तर ते दुप्पट होईल का? दोन, हे शून्य केलं तर ते शून्य होईल का? रिक्षाचं किमान भाडं ठरलेलं असतं, तुम्ही बसलात की ते लागू झालं, म्हणून ती दुसऱ्या प्रश्नाला अडकते. आई-मुलगीही तिथेच अडकतात, कारण मुलगी शून्य वर्षांची होती तेव्हा आई २४ वर्षांची होती. वाफा दुसऱ्या प्रश्नातून सुटतो, पण पहिल्यात सापडतो: बाजू दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट, खत २० किलो. शर्ट आणि शिट्ट्याही पहिल्या प्रश्नात सापडतात. मजूर दुप्पट झाले की दिवस निम्मे होतात, म्हणजे तिथे व्यस्त प्रमाण.

या पायरीला घाई करू नका. एखादं मूल “पण दोरी लहान असेल तर?” किंवा “बारा मजूर एकमेकांच्या पायात येतील” असं म्हणेल. त्याला गप्प करू नका. कोणत्या अटीवर रीत चालते हाच विचार ते करतंय.

सहावी पायरी: सराव मिसळून

डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एका आकृतीची सगळी गणितं संपवून मग दुसरी घेतली, दुसऱ्या गटाला गणितं मिसळून दिली. सराव चालू असताना पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर येत होती, मिसळलेल्या गटाची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर पहिला गट २० टक्क्यांवर आला आणि दुसरा ६३ वर.

प्रकरणनिहाय सरावात मुलाला रीत निवडावी लागत नाही, धड्याचं नावच उत्तर सांगून टाकतं. म्हणून घरी एक डबा करा. जुन्या-नव्या प्रकरणांतली चाळीसेक उदाहरणं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, वर प्रकरणाचं नाव नको. रोज आठ चिठ्ठ्या उचलायच्या. तीन समप्रमाणाच्या, दोन व्यस्त प्रमाणाच्या, एक-दोन फसव्या आणि बाकी जुन्या धड्यांच्या निघतील असा अंदाज ठेवून डबा भरा.

आठवड्यातून एकदा सोडवणं बंद. फक्त बारा चिठ्ठ्या समोर पसरून गट पाडायला सांगा आणि प्रत्येक गटाला नाव द्यायला सांगा. मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये भौतिकशास्त्राच्या उदाहरणांनी हेच केलं होतं. नवख्यांनी ‘उताराची गणितं’, ‘स्प्रिंगची गणितं’ असे दिसणाऱ्या वस्तूंवरून गट पाडले, तज्ज्ञांनी ऊर्जेची अक्षय्यता, न्यूटनचा नियम अशा तत्त्वांवरून. तुमच्या मुलाने ‘फळांची’, ‘मजुरांची’, ‘गाडीची’ असे गट पाडले तर तिसऱ्या पायरीवर परत जा. ‘पटीची’, ‘उलट्या पटीची’, ‘फरक तेवढाच राहणारी’ अशी नावं आली तर पुढे चला. चाचणीच्या मार्कांपेक्षा मी या गटांवर जास्त विश्वास ठेवीन.

मिसळून सराव सुरू केल्यावर रोजची बरोबर उत्तरं कमी होतील. घरात कुरकुर होईल, क्लासवालेही नाखूष होतील. पहिले दोन आठवडे निभवा.

सातवी पायरी: पुस्तक मिटून आठवणं

यावर बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. तिसऱ्या पायरीतलं वाक्य आणि पाचव्या पायरीतले दोन प्रश्न दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी, दहा दिवसांनी आणि महिन्याने पुस्तक न उघडता लिहायला लावा. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिल्याने आठवड्यानंतर जास्त शिल्लक राहतं, हे रॉडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये नीट दाखवलं आहे. लिहून झाल्यावर मात्र पुस्तक उघडून ताडून बघू द्या.

आठवी पायरी: दुसऱ्या विषयाच्या तासाला घेऊन जा

गणिताचा तास संपला की गणित मिटलं, असं मुलांच्या मनात पक्कं असतं. ते मोडायला तुम्हाला तोंडाने सांगावं लागतं. विज्ञानात घनता आली की विचारा, “केळ्यांच्या गणितात याच्या जागी काय होतं?” भूगोलात नकाशाचं प्रमाण, इतिहासात दर हजारी आकडे, घरात जलसंजीवनी. लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, तर अर्ध्या लिटरला किती? (तीन आणि पाव.) इथे प्रमाण चुकलं तर नुसते मार्क जात नाहीत, हेही बोलून घ्या.

उलट दिशेनेही या. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी शहरातल्या दाट वस्तीत, घरोघरच्या कारागिरी-धंद्यांत हातभार लावणाऱ्या शाळकरी मुलांचं गणित अभ्यासलं आहे. अशा मुलांना मापं, दर, तुकड्यांचे हिशेब यांची बरीच ओळख असते आणि शाळेला तिचा पत्ता नसतो. वर्गात शिंप्याचा, भाजीवाल्याचा, गवंड्याचा मुलगा असेल तर त्याच्या घरचा हिशेब फळ्यावर घ्या. वर्गाला तो उलगडून सांगताना त्या मुलाला स्वतःचं तोंडी गणित लेखी रूपात मांडावं लागतं, आणि पहिल्या पायरीत आपल्याला नेमकं तेच करून घ्यायचं होतं.

नववी पायरी: सूचना मोजा

जमलं की नाही हे बघायला मुलाने कधी न पाहिलेलं उदाहरण द्या. ‘समप्रमाणाचं आहे’ असं सांगू नका. अडलं तर सूचना एकेक करून, कमीत कमी मदतीपासून:

“यात बदलतंय काय आणि कशामुळे?”
“दुप्पट केलं तर काय होईल?”
“असं आधी कुठे पाहिलं होतं?”
“नकाशाचं उदाहरण आठव.”
“एकाचं किती ते काढ.”

किती सूचना लागल्या ते तारखेसह लिहून ठेवा. बरोबर-चूक यापेक्षा हा आकडा जास्त सांगतो. पाचव्या सूचनेवर सोडवणारं मूल महिन्याने दुसऱ्या सूचनेवर आलं तर शिकवणं पोचतंय, मग त्या महिन्याच्या चाचणीत मार्क वाढलेले असोत वा नसोत. शेवटची तपासणी म्हणून मुलालाच एक समप्रमाणाचं आणि एक फसवं उदाहरण रचायला सांगा. फसवं रचणं जास्त अवघड असतं, त्यात मुलं रमतातही.

कशाची अपेक्षा ठेवू नये

‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या क्लासबद्दल पालक विचारतात. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० च्या सुमारास एका विद्यार्थ्याने दीड-दोन वर्षं सराव करून, एकदा ऐकून लक्षात ठेवायच्या आकड्यांची संख्या ७ वरून ७९ वर नेली. तो धावपटू होता आणि आकड्यांचे गट तो शर्यतीच्या वेळा म्हणून लक्षात ठेवायचा. अंकांऐवजी अक्षरं दिली तेव्हा तो पुन्हा सहाच्या आसपास आला. स्मरणशक्ती वाढली नव्हती, अंकांसाठी एक युक्ती तयार झाली होती. अबॅकसने अबॅकसवरचे हिशेब जलद होतील, बुद्धिबळाने बुद्धिबळ सुधारेल. आवड असेल तर जरूर लावा, पण त्याने शाब्दिक उदाहरणं आपोआप सुटतील म्हणून फी भरू नका.

समप्रमाणावर केलेली ही मेहनतही सगळ्या गणिताला लागू होणार नाही. भूमितीच्या सिद्धतेला तिचा फारसा उपयोग नाही. तिथे जोड्या वेगळ्या, फसवी उदाहरणं वेगळी, सगळं पहिल्यापासून.

वर्गात चाळीस मुलं असतील तर

नऊही पायऱ्या वर्गात जमणार नाहीत. तिसरी, पाचवी आणि सहावी धरा. जोडीचं पान बाकावरच्या दोघांत एक द्या, म्हणजे बोलणं आपोआप होईल. रोज तासाच्या सुरुवातीला फळ्यावर एक उदाहरण लिहा आणि न सोडवता हात वर करायला लावा: समप्रमाण, व्यस्त की दोन्ही नाही? तीन मिनिटांत होतं. हात मोजून संख्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, मग वेगवेगळ्या बाजूच्या दोघांना कारण सांगायला उभं करा आणि पुन्हा हात घ्या. गृहपाठाच्या दहा उदाहरणांपैकी पाच आजच्या धड्याची आणि पाच मागच्या दोन महिन्यांतली ठेवा, क्रम उलटसुलट. धड्याचं नाव गृहपाठाच्या वर लिहायची सवय मात्र मोडा. त्या जागी नुसती तारीख पुरे.